धारेवर

बेंगळुरूत दगडाला तोटा नाही. लालबागेतला तो अवाढव्य खडक, ज्यावर रोज सकाळी निवृत्त मंडळी प्राणायाम करतात, जवळपास 300 कोटी वर्षांचा आहे. असा खडक घराजवळ असताना मी सुरीला धार लावायला दगड मागवले जपानी, आणि तेही 2024 च्या मार्चमध्ये.

तो मार्च आठवत असेल. बोअरवेल आटलेल्या, कावेरीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून चढवून आणलेलं, आणि पिण्याच्या पाण्यानं गाडी धुतली तर जलमंडळाचा 5,000 रुपये दंड. टँकर आला की आमच्या सोसायटीत लोक गॅलरीत येत. त्याच महिन्यात मी वॉटरस्टोनच्या नादी लागलो. यातले काही दगड बुडबुडे यायचे थांबेपर्यंत पाण्यात भिजत घालावे लागतात.

घरच्या सुऱ्यांना खरं तर 1000 ग्रिटचा एक दगड आणि तो सपाट ठेवायला एक डायमंड प्लेट, एवढं पुष्कळ. टवके उडालेल्या सुऱ्या असतील तर 400 चा आणखी एक. पण मी सॉफ्टवेअरमधला. एक्सेल शीटशिवाय मला कोथिंबीरही घेववत नाही. शीटमध्ये ग्रिट, झिजण्याचा वेग, भिजवायचा की नुसता शिंपडायचा, असे रकाने वाढत गेले. शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्यानं डोकावून विचारलं, "फ्लॅट बघतोयस का रे?"

शेवटी 400, 1000, 3000 आणि 8000, अशी चौकडी घरी आली. सुरी मात्र एकच, सुपरमार्केटातली, मऊ स्टीलची. तिला 8000 चा दगड म्हणजे बैलाला इस्त्रीचा सदरा.

रात्री मी चौघांनाही एका बादलीत सोडलं.

"बादलीत काय आहे?" बायकोनं विचारलं.

"दगड."

"कशाला?"

"भिजतायत."

"उद्या टँकर नाहीये, माहितीय ना?"

एवढं बोलून ती झोपायला गेली. तिनं भांडायला हवं होतं. निदान बादली तरी रिकामी झाली असती. मॅग्नेशियानं बांधलेल्या दगडावर पाणी फक्त शिंपडायचं असतं, रात्रभर भिजला तर तो तडकू शकतो. माझा 3000 चा त्याच जातीचा निघाला. शीटमध्ये तसं लिहिलेलंही होतं, रकाना 'के'मध्ये.

उरलेल्या तिघांवर साधना सुरू झाली. धारेच्या कडेला मार्करनं रंग द्यायचा आणि तो कुठं पुसला जातो ते पाहायचं. कोन 15 अंशांचा, म्हणजे 4 सेंटीमीटर रुंद सुरीची पाठ साधारण 1 सेंटीमीटर उचललेली. पलीकडच्या कडेला बोटाला बारीक खरखर लागली की बाजू बदलायची. हे सगळं मला तोंडपाठ होतं. हाताला मात्र नव्हतं. त्याचा कोन प्रत्येक फेरीला नवा. दगडावरचा काळा चिखल धुवायचा नसतो, त्यातले सुटे कणही धार काढतात. मी तो इमानानं जपला. तो ओट्यावर, फ्रिजच्या हँडलवर आणि लेकीच्या भूगोलाच्या वहीवर जपला गेला.

कधीतरी धार आली. पारखायला हातावरचे केस कापून बघतात. मला ही परीक्षा इतकी आवडली, की डावा हात कोपरापर्यंत गुळगुळीत झाला. मीटिंगमध्ये मॅनेजरनं आस्थेनं विचारलं, "त्वचेचा काही त्रास?" मी हो म्हणालो. खरं कारण सांगितलं असतं तर कदाचित रजाच मिळाली असती, तीही सक्तीची.

मग आला टोमॅटो. 8000 वर घासून घासून मी धारेचे सूक्ष्म दातच घालवले होते, आणि मऊ स्टीलची ती चकाकीही दोन-चार कांद्यांत मावळली. टोमॅटोच्या सालीवरून सुरी सुळकन घसरून ओट्यावर गेली. सोसायटीच्या गेटवर भाजीवाल्याकडे दातेरी सुऱ्या असतात, चाळीस रुपयांना एक. बायको चपला घालून खाली गेली आणि लाल मुठीची घेऊन आली. टोमॅटोच्या चकत्या झरझर पडल्या.

दातेरी सुरीला सपाट दगडावर धार लावता येत नाही. तिला निमुळता डायमंड रॉड लागतो. एकेका दातात घालून फिरवायचा. त्यात तीन जाडींचे मिळतात. शीटला नवा टॅब जोडलाय.