बसलेल्या, डावीकडून

आत्या गेली त्या संध्याकाळी घरात पहिली शोधाशोध झाली ती फोटोची. तेराव्याला ठेवायला आणि पुढे भिंतीवर लावायला एक बरासा फोटो हवा होता. ब्याऐंशी वर्षं जगलेल्या बाईचा एकटीचा फोटो एकच सापडला, बँकेच्या पासबुकावरचा, आणि त्यात ती भेदरलेली होती. शेवटी एका लग्नातल्या ग्रुप फोटोतून तिला कापून काढली. स्टुडिओवाल्याने मागचा मांडव पुसला, निळी पार्श्वभूमी दिली, फोटो मोठा केला. तिच्या डाव्या खांद्यावर एक हात तेवढा उरला. बाईचा हात. काचेच्या बांगड्या, मनगटाच्या वर तुळशीवृंदावन गोंदलेलं. “हा पण काढून टाकू का?” स्टुडिओवाल्याने विचारलं. राहू दे म्हटलं. आत्या त्या हातामुळेच हसत होती.

हात कुणाचा? मूळ फोटो घेऊन मी नात्यातली सहा घरं पालथी घातली. त्या बाईचा चेहरा फोटोत स्वच्छ दिसतो. आत्याहून थोडी लहान, ठसठशीत कुंकू, आत्याच्या कानाशी लागून काहीतरी सांगते आहे. “सासरकडची असेल.” “शेजारीण असणार.” “शाळेत बरोबर होती बहुतेक.” यापलीकडे कुणालाच काही सांगता आलं नाही. फोटो उलटा केला. मागे स्टुडिओचा जांभळा शिक्का आणि निगेटिव्हचा नंबर. निगेटिव्हला नंबर होता, माणसाला नाव नव्हतं.

या आठवड्यात एवढंच सांगायचं आहे. आपण फोटो काढतो, जपतो, फ्रेम करून आणतो आणि नावं लिहीत नाही. नाव नसलेला फोटो एका पिढीत अनोळखी होतो आणि पुढच्या पिढीत रद्दीत जातो.

शाळेतला जुना ग्रुप फोटो आठवा. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. खाली बारीक अक्षरात ‘खुर्चीवर बसलेले, डावीकडून’ आणि मग ओळीने नावं. ‘उभे, पहिली रांग.’ ‘जमिनीवर बसलेले.’ फोटोच्या दिवशी कुणी आलं नसेल, तर ‘अनुपस्थित’ म्हणून त्याचंही नाव. कितीतरी फोटोंत अगदी टोकाला उभ्या असलेल्या शिपायाचंही नाव असतं. तालमीचा फोटो, भजनी मंडळाचा फोटो, पतपेढीच्या संचालकांचा फोटो, सगळीकडे हीच रीत. पन्नास-साठ वर्षांनी कुणाचा तरी नातू त्या ओळीवर बोट ठेवतो आणि म्हणतो, “हे बघ, आजोबा.”

ही रीत घरात मात्र आली नाही. घरातल्या माणसांना कोण विसरणार, असं प्रत्येकाला वाटलं. आणि घरोघरी एक माणूस असायचं, बहुतेक वेळा आजी, जिला सगळं ठाऊक असायचं. ही नागपूरची मावशी, हा तिचा दीर, ही पाळण्यातली पुढे टायफॉइडने गेली, हा घोड्याजवळ उभा आहे तो घरचा नव्हेच, वाटेवरचा मुलगा, हौसेने येऊन उभा राहिला. आजीचं बोट फिरायचं आणि अल्बम बोलायचा. आजी गेली की अल्बम मुका होतो. तेच फोटो, तोच कागद, पण सांगणारं कुणी नाही.

बायकांची ओळख तर आणखी लवकर पुसली जाते. कुणी हौसेने फोटोमागे लिहिलंच, तर काय लिहितात? ‘धाकटी काकू.’ ‘वहिनी.’ ‘सौ. व श्री.’ काकू कुणाची? अल्बम ज्याच्या हाती पडेल त्याप्रमाणे काकू बदलते. त्यात लग्नात नाव बदलण्याची चाल. माहेरच्या अल्बममधली सुमन आणि सासरच्या अल्बममधली वैशाली या एकच, हे सांगणारं माणूस गेलं की एका बाईच्या दोन अनोळखी बाया होतात. नातं हा पत्ता आहे. पत्त्यावर राहणाऱ्या माणसाला स्वतःचं नाव असतं, ते लिहा. दोन्ही नावं लिहा.

होमाई व्यारावाला या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. त्यांचे सुरुवातीचे फोटो छापून आले ते पती माणेकशा यांच्या नावाने. स्वातंत्र्याच्या काळातली दिल्ली देशाने त्यांच्या डोळ्यांनी पाहिली आणि २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्यांचं नाव परत मिळालं, कारण त्या पुरेशा जगल्या आणि त्यांची आठवण लोकांनी लिहून ठेवली. आपल्या घरातल्या बायकांसाठी हे काम दुसरं कुणी करणार नाही.

मुंबईत फोटोग्राफी काही काल-परवा आलेली नाही. १८५४ साली इथे छायाचित्रकारांची सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८६८ ते १८७५ या काळात, इंग्रज सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा ग्रंथ काढला. त्यात चारशेहून जास्त छायाचित्रं आहेत. बहुतेक चित्रांखाली जात, जमात किंवा प्रांत दिलेला आहे, माणसाचं नाव नाही. एका बाईला कॅमेऱ्यासमोर उभं केलं, तिच्याकडे बघत राहिले आणि तिचं नाव विचारलं नाही. आज ते खंड चाळताना राग येतो, आणि तो यायलाच हवा.

तोच राग घेऊन आपला अल्बम उघडा. बाळाचा पहिला फोटो. खाली बाळाचं नाव, जन्मतारीख, वजनसुद्धा. बाळ ज्या बाईच्या मांडीवर आहे ती कोण? अंघोळ घालायला येणाऱ्या बाई. तीन महिने त्या रोज आल्या, तेल लावलं, शेक दिला, बाळंतिणीला धीर दिला. त्यांचं नाव? साहेबाने नावाच्या जागी जात लिहिली. आपण नावाच्या जागी काम लिहिलं, किंवा तेही लिहिलं नाही.

पूर्वी रोलमध्ये मोजके फोटो निघायचे. आगफा क्लिक-थ्रीमध्ये बारा, पस्तीस मिलिमीटरच्या रोलमध्ये छत्तीस. प्रत्येकाला पैसे पडायचे, म्हणून प्रत्येकाला कारण असायचं. मुंज, लग्न, डोहाळेजेवण, गणपती. रोल धुऊन येईपर्यंत आठवडा जायचा आणि मग सगळं घर पाकिटावर झडप घालायचं. ते मोजके फोटोही आता जात चालले आहेत. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या रंगीत फोटोंमधला निळसर रंग आधी उडतो, म्हणून ती लग्नं आज तांबूस दिसतात. चिकट पानांच्या अल्बमचा गोंद फोटो धरून ठेवतो आणि काढायला गेलं की पापुद्रा निघतो. कोकणातल्या घरी काचेमागच्या फोटोवर बुरशी चढते आणि दमट हवेत फोटो काचेलाच चिकटतो. त्यापेक्षा जुने कृष्णधवल फोटो बरे टिकलेत, कारण त्यात रंग नाही, चांदी आहे.

आणि पूर आहेतच. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांमधून भांड्याकुंड्यांबरोबर घरांचे फोटोही गेले. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात घुसलं. पाणी ओसरल्यावर गाद्या, कपाटं, पुस्तकं रस्त्यावर आली, त्या ढिगांत अल्बमही होते. चिखलाने माखलेला अल्बम लोक फेकून देतात, कारण तो वाचवता येतो हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. जपानमध्ये २०११ च्या त्सुनामीनंतर यामामोतो या एका गावी चिखलातून सुमारे साडेसात लाख फोटो गोळा झाले. स्वयंसेवकांनी ते एकेक करून धुतले, वाळवले, त्यांच्या प्रती काढल्या आणि लोकांनी येऊन आपली माणसं ओळखावीत म्हणून मांडून ठेवले. घर गेलेली माणसं तिथे आपल्या मुलांचे फोटो शोधायला येत होती. पुढच्या पुरात आपणही हे करू शकतो. भिजलेले फोटो एकमेकांना चिकटून वाळू देऊ नका. स्वच्छ थंड पाण्यात सोडा, अलगद वेगळे करा, चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवा.

आता सगळे फोन पुढे करतील. फोनमध्ये सगळं आहे, तारीख आहे, जागा आहे. खरं आहे, पण अर्धंच. तोच फोटो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की मूळ फाइलमधली तारीख-वेळेची आणि जागेची नोंद गळून पडते आणि चित्रही बारीक होतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर नोंद टिकते, पण तसं पाठवतो कोण? घराघरांत फोटोंची देवाणघेवाण आज व्हॉट्सॲपवरच होते. म्हणजे ज्या वाटेने फोटो नात्यात फिरतात, त्याच वाटेवर त्यांची ओळख सांडते. आणि मूळ नोंदीतही फोनला एवढंच ठाऊक असतं की हा फोटो अमुक दिवशी साताऱ्यात काढला. त्या दिवशी आबा बऱ्याच वर्षांनी भावाच्या घरी जेवले, हे फोनला माहीत नाही. ते तुम्हाला माहीत आहे.

म्हणून काम अगदी साधं आहे. या रविवारी घरातल्या सर्वांत वडील माणसाजवळ बसा. दुपारचा चहा झाल्यावर, घाई न करता. अल्बम त्यांच्या मांडीवर द्या, फोनचं रेकॉर्डिंग चालू करून शेजारी ठेवा, आणि विचारा. हे कोण? कुठे? कुणाच्या लग्नात? त्या दिवशी काय झालं होतं? फोटोमागे मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहा. बॉलपेन वापरू नका, त्याची रेघ पुढच्या बाजूला उमटते. गुळगुळीत प्लास्टिकच्या कागदावर पेन्सिल उठत नाही, तिथे चिठ्ठी लिहून फोटोबरोबर ठेवा. डावीकडून सुरू करा. पूर्ण नाव, माहेरचं नाव, गाव, अंदाजे साल. टोकाला उभी असलेली माणसं सोडू नका. बाळाखालची मांडी सोडू नका. आणि फोटो कुणी काढला तेही लिहा, कारण त्या दिवशी तो माणूसही तिथेच होता.

फोनमधल्या हजारो फोटोंमधून वर्षाचे बारा निवडा, छापून आणा, मागे लिहा. बारा. आगफाच्या एका रोलइतके.

आत्याचा फोटो आता भिंतीवर आहे. येणारा-जाणारा विचारतो, “हा हात कुणाचा?” आम्ही गप्प बसतो. ज्यांना सांगता आलं असतं त्या दोघींपैकी एकीला आम्ही ब्याऐंशी वर्षांत कधी विचारलं नाही, आणि दुसरी कोण हेच आम्हाला माहीत नाही. तुमच्या घरी सांगणारं माणूस अजून आहे. पेन्सिल घ्या आणि त्यांच्याशेजारी जाऊन बसा.