बनवाबनवी, खराडी फेज टू

‘अशी ही बनवाबनवी’त (१९८८) पुण्यात खोली मिळावी म्हणून दोघा पुरुषांना साडी नेसावी लागली. आज तोच सिनेमा खराडीत काढायचा तर नुसत्या साडीवर भागायचं नाही. सोसायटीची कमिटी मॅरेज सर्टिफिकेट, पोलीस व्हेरिफिकेशन आणि भरभक्कम डिपॉझिट मागणार. साडीतल्या पार्वतीवहिनी वॉचमनला ओटीपी सांगेपर्यंतच मध्यंतर! त्यात ‘झपाटलेला’ही घुसवू. त्या सिनेमातल्या तात्या विंचूचा आत्मा इऑन आयटी पार्कमधल्या फ्रेशरच्या अंगात शिरायला निघतो आणि मुंढवा बायपासला अडकतो. पोचतो तोवर फ्रेशर बेंचवर. लावणी अर्थातच नगर रोडच्या सिग्नलवर, लाल दिवा असेपर्यंत. म्हणजे सगळी कडवी आरामात बसतात. कथा चोरल्याचा आळ कोण घेणार? मुळात ‘बनवाबनवी’च ‘बीवी और मकान’वरून (१९६६) बेतलेली, आणि त्यातली पोरंही घरच शोधत होती.