बॅग भरणाऱ्या आजी

बाळंतपणाची बॅग भरण्याचा मान बाळंतिणीच्या आईकडे जातो. पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत महाराष्ट्रात अजून बऱ्यापैकी टिकून असल्यामुळे या पदासाठी निवडणूक होत नाही. वय पन्नाशीपुढचे, गुडघे कुरकुरणारे, पण दुसऱ्यांची बाळंतपणे तारीखवार पाठ, ही या होऊ घातलेल्या आजींची ओळख. सातव्या महिन्यातले डोहाळजेवण आटोपून लेक माहेरी आली की दुसऱ्याच दिवशी माळ्यावरची बॅग खाली येते.

डॉक्टरांच्या मते बॅग ३६व्या आठवड्याच्या सुमारास तयार असली तरी पुरे, कारण ३७ आठवडे पूर्ण झाले की दिवस भरले असे मानतात. आजींचा डॉक्टरांनी दिलेल्या तारखेवर मुळातच विश्वास नसतो, आणि त्यांचे फारसे चुकतही नाही. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजून ती तारीख काढतात. तिचा मान शंभरातली जेमतेम चार-पाच बाळे राखतात.

बॅगेतली प्रत्येक वस्तू कोणाच्या तरी फजितीतून आलेली असते. मावसबहिणीच्या वेळी रात्रभर वीज गेली होती, म्हणून टॉर्च. वहिनीचे लंगोट वाळत घालायला जागा नव्हती, म्हणून दोरी. शेजारणीच्या सुनेच्या गाउनची चेन ऐन वेळी तुटली, म्हणून सेफ्टी पिनांची माळ. थर्मास, वाटी-चमचा, जुने बोंडले, पायमोजे, कानाला बांधायचा रुमाल यांच्याही अशाच कथा असतात आणि वस्तू बॅगेत जाताना त्या पूर्ण ऐकाव्या लागतात. ‘असू दे गं, काही खायला मागत नाही’ हे वाक्य प्रत्येक कथेच्या शेवटी येते.

भरण्याची पद्धतही ठरलेली. कोणतीही वस्तू थेट बॅगेत जात नाही. ती आधी प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी साडीच्या दुकानाच्या पिशवीत, आणि तिला वरून गाठ. सराफाकडची जाड पिशवी बाळाच्या पहिल्या कपड्यांसाठी राखीव. जावयाने पिशव्यांवर चिठ्ठ्या लावण्याची सूचना केल्यास तिला ‘बघू’ असे उत्तर मिळते.

कपड्यांच्या बाबतीत मात्र आजींना हसण्यात अर्थ नाही. नव्या कोऱ्या कपड्यांना खळ आणि कारखान्यातली रसायने असतात; धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साडीची दुपटी आणि धोतराचे लंगोट बाळाच्या कातडीला मानवतात. झबली बटणांची नकोत, बंदांची हवीत, हेही योग्यच. रंगांचा प्रश्न कायद्याने सोडवला आहे. १९९४च्या कायद्याने गर्भाचे लिंग सांगण्यावर बंदी असल्यामुळे बॅगेत पिवळा, पांढरा आणि पोपटी एवढेच रंग दिसतात. लेकीची यादी मोबाइलवर असते. तिच्यात डायपर, पुढून उघडणारे गाउन, मॅटर्निटी पॅड आणि लांब वायरीचा चार्जर असतो. लेक रात्री लंगोटांचा गठ्ठा काढून डायपर ठेवते, सकाळी चहाआधी लंगोट पुन्हा जागेवर असतात. या व्यवहाराबद्दल दोघी एकमेकींशी चकार शब्द काढत नाहीत.

फाइल हे जावयाचे खाते. सोनोग्राफीचे आणि रक्ताचे रिपोर्ट, रक्तगट, माता-बाल संरक्षण कार्ड, आधार, विम्याचे कार्ड हीच खरी अडणारी सामग्री. आजी तिला ‘ते कागद’ म्हणतात. सरकारी रुग्णालयात २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली प्रसूती, सिझेरियन, औषधे, जेवण आणि घरी सोडायची गाडी हे सगळे मोफत आहे. त्याने खर्च कमी होतो, बॅग होत नाही.

खरा संघर्ष खाद्यविभागात होतो. डिंकाचे आणि हळिवाचे लाडू, ओवा, बाळंतशेपा एवढ्यावर कोणी फार आक्षेप घेत नाही. पायमोज्यात गुंडाळलेली मधाची बाटली मात्र सिस्टरांच्या हाती लागतेच. मधात बोट्युलिझमचे बीजाणू असू शकतात, म्हणून वर्षाच्या आतल्या बाळाला तो देत नाहीत. ‘आम्ही सगळ्यांनी चाटलाय, काय झालं आम्हाला?’ असे आजी विचारतात. ‘आजी, तासाभराच्या आत अंगावर घ्यायचं, पहिलं चिकाचं दूधच द्यायचं,’ एवढे बोलून सिस्टर बाटली घेऊन जातात. आजींच्या काळी कित्येक घरांत तेच दूध पिळून टाकायला सांगत. आजी थोडा वेळ गप्प बसतात. मग पलीकडच्या खाटेवरच्या बाईला, ‘चिकाचं दूध वाया घालवू नकोस हो, आमच्यात पहिल्यापासून तेच देतात,’ असे बजावताना आढळतात.

लेबर रूमच्या दारात लेकीच्या बांगड्या, मंगळसूत्र, जोडवी उतरवून आजींच्या रुमालात येतात. त्या गाठ मारून तो रुमाल कमरेला खोचतात आणि तळमजल्यावरच्या गणपतीला जातात. नेमके तेव्हाच दार उघडून कोणी तरी म्हणते, ‘बाळाचे कपडे द्या, टोपडं आधी.’ ओल्या अंगाचे बाळ झपाट्याने थंड पडते आणि त्यात डोक्यावाटे जाणारी ऊब मोठी, म्हणून ही घाई. जावई गाठी सोडू लागतो. बाकावर टॉर्च येतो, दोरी येते, लाडवांचा डबा येतो, पिनांची माळ येते. पाचव्या पिशवीत सहावी निघते. दार दुसऱ्यांदा उघडते. तेवढ्यात आजी येतात, बाकाकडे न बघता बॅगेत कोपरापर्यंत हात घालतात आणि सराफाची पिशवी बाहेर काढतात. टोपडे सगळ्यात वर असते.

घरी परत येणारी बॅग जातानापेक्षा फुगलेली असते. बोंडले वापरलेले नसते. दोरी चेन तुटलेल्या बॅगेभोवती बांधलेली असते. बारसे होईपर्यंत आजींना सवड नसते. नंतर न फोडलेल्या पिशव्या तशाच्या तशा नणंदेच्या मुलीकडे रवाना होतात. तिला सहावा लागलेला असतो.