बंडूचं सुतक

एका सकाळी बंडू उलटा झाला. पांढरं पोट वर, पाठ खाली आणि डोळे नेहमीसारखे उघडे. माशाला पापण्या नसतात. त्यामुळं तो झोपलाय, विचारात पडलाय की निघायच्या बेतात आहे, हे त्याच्या तोंडावरून काही केल्या कळत नाही. आमचे एक काका कीर्तनात असेच उघड्या डोळ्यांनी झोपत. मी काचेवर हलकेच टिचकी मारली. बंडूनं एक पर किंचित हलवला, पेपरातून मान वर न काढता शेजाऱ्यानं हात करावा तसा.

हा गोल्डफिश गडहिंग्लजच्या एका दुकानातून आला होता. पाणी भरलेल्या पिशवीत, एसटीत, लेकीच्या मांडीवर बसून. गडहिंग्लज ते संकेश्वर म्हणजे महाराष्ट्रातून कर्नाटकात. आमच्याकडं दोन माणसं कट्ट्यावर बसली की सीमेवर तीन मतं निघतात, पण बंडूनं ती सीमा हिंदकळत्या पाण्यातून एकदाच पाहिली आणि पुढं सात वर्षं त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. आम्ही त्याला मासा म्हणायचो, शेजारच्या अक्का मीनु म्हणायच्या; दोन्ही हाकांना तो सारखाच यायचा नाही. मग लेक नोकरीला पुण्याला गेली. सायकल, गाईडांचा गठ्ठा आणि बंडू एवढं मागं राहिलं. तिचा फोन आला की पहिला प्रश्न असायचा, “बंडू कसाय?” आणि मग, जिना उतरताना पिशवी विसरल्याचं आठवावं तसं, “आणि बाबा, तुम्ही?”

तर बंडू उलटा. मी त्याचा फोटो काढून जनावरांच्या दवाखान्यात गेलो. माझ्या पुढं दोन म्हशी आणि एक शेळी होती. तिघींनीही माझ्या रिकाम्या हातांकडं संशयानं पाहिलं. डॉक्टरांनी फोटो उलटा-सुलटा करून बघितला आणि खिन्नपणे म्हणाले, “सर, म्हशीच्या पोटात मी खांद्यापर्यंत हात घालतो. याच्या पोटात काय घालू?” पण माणूस भला. त्यांनी स्वतःचा मोबाईल काढला आणि एका म्हशीला सलाईन लावून आम्ही दोघं बाकावर बसून माशाच्या पोटाचा अभ्यास करू लागलो. माशाच्या अंगात वाताशय नावाची हवेची पिशवी असते. तिच्या जोरावर तो पाण्यात हव्या त्या उंचीला थांबतो. गोल्डफिशमध्ये ही पिशवी अन्ननलिकेला जोडलेली असते, आणि जठर म्हणावं असं काही त्याला नसतंच. वर तरंगणारं खाणं गिळताना तो हवाही गिळतो. पोट तुंबलं की तोल जातो. म्हणजे सात वर्षं मी प्रेमानं टाकलेले ते तांबडे दाणेच बंडूच्या पोटात गॅस धरून बसले होते. आमच्या घराण्यात दोन पिढ्या हाच आजार आहे, तेव्हा मला तो एकदम जवळचा वाटला.

उपाय निघाला उकडलेले वाटाणे, साल काढून. अक्का कडक शाकाहारी. आमच्याकडं माशाचं कालवण असलं की त्या दिवसभर आमच्या बाजूची खिडकी लावून घेतात. पण बटाणी म्हटल्यावर त्या स्वतः वाटीभर उकडून घेऊन आल्या. चिमटीत एकेक दाणा सोलत म्हणाल्या, “आता तरी चांगलं खायला लागला बघा.” एक जीव सुधारल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

दुसरं औषध एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. ते शेतीच्या दुकानात मिळतं. दुकानदारानं विचारलं, “किती एकराला?” मी म्हटलं, “साठ लिटरला.” त्यानं चष्मा कपाळावर चढवून मला पायापासून डोक्यापर्यंत वाचलं आणि एक किलोची पिशवी दिली. ती अजून फडताळात आहे.

मग रात्री सुरू झाल्या. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडावं म्हणून बादली भरून ठेवायची, दुसऱ्या दिवशी तेच पाणी बेतानं बदलायचं. बाकी काम काय, तर बघत बसायचं. तापलेल्या माणसाच्या कपाळावर पट्टी ठेवता येते, म्हशीच्या मानेवरून हात फिरवता येतो. माशाला तर हातसुद्धा लावायचा नाही, त्याच्या अंगावरचं बुळबुळीत आवरण निघून जातं. काचेच्या या बाजूला बसून मी काळजीसारखी काळजी करत होतो. असं बसून वाचायची सवय लागली. यॉर्कशायरमधला टिश नावाचा गोल्डफिश १९५६ साली जत्रेत बक्षीस म्हणून मिळाला आणि १९९९ मध्ये, ४३ वर्षांचा होऊन गेला. मी बोटांवर हिशेब केला. बंडू तितका जगला तर मी तेव्हा ९७ वर्षांचा असेन, आणि कोण कुणाचं पाणी बदलेल हे सांगता येत नाही.

आमच्या गावाशेजारून वाहणारी हिरण्यकेशी आंबोलीला उगम पावते. तिथल्या महादेवाच्या कुंडात २०२० साली एका नव्या माशाची नोंद झाली. नदीवरून त्याचं नाव शिस्टुरा हिरण्यकेशी. पुढच्याच वर्षी महाराष्ट्र सरकारनं ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. नदीच्या त्या टोकाला बोटाएवढ्या माशामागं अख्खं सरकार, आणि या टोकाला बंडूमागं मी आणि अक्कांची वाटी. मनूच्या ओंजळीत आलेला मासा निदान बोलला तरी होता: मला सांभाळ, मी तुला तारीन. मनूनं त्याला घागरीत ठेवलं, मग खड्ड्यात, मग समुद्रात सोडलं. प्रलयात त्या माशानं त्याची नाव ओढून नेली. बंडूनं मला असलं कसलंच आश्वासन दिलं नव्हतं. तो फक्त, वाटाणा दिसला की, उलट्याचा सुलटा व्हायचा प्रयत्न करायचा. एका गुरुवारी तर पंधरा मिनिटं सरळ पोहला. मी अक्कांना हाक मारली. त्या ओले हात पदराला पुसत आल्या, पण तोवर तो पुन्हा उलटा झाला होता.

पुढच्या आठवड्यात त्याचं अंग फुगलं आणि खवले सुटे सुटे उभे राहिले, पिकल्या सीताफळाच्या डोळ्यांसारखे. मूत्रपिंडं थकली की अंगात पाणी साठतं. इथून फारसं कुणी परतत नाही. जन्मभर पाण्यात राहिलेला जीव शेवटी आतल्या पाण्यानं जावा, हे मला त्या रात्री कुणाला तरी सांगायचं होतं. पहाटे बघितलं तर तो तळाशी सरळ बसला होता, पोट खाली, पाठ वर. मला क्षणभर वाटलं, बरा झाला.

लेकीला तीन दिवस सांगितलं नाही. “बंडू कसाय?” “आहे.” तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “बाबा, तुम्ही व्हिडिओ कॉल का उचलत नाही?” आणि मग आम्ही दोघं फोन धरून बराच वेळ गप्प बसलो. तिच्या मागं पुण्याचे हॉर्न वाजत होते. शेवटी तिनं विचारलं, “आणि तुम्ही?” या वेळी ते जिन्यात आठवल्यासारखं नव्हतं.

सुतकाचं काय, हा प्रश्न मला खरंच पडला होता. माणसाचं दहा दिवस. गोत्र, भाऊबंदकी बघून कमी-जास्त. माशाचं कुठल्या कोष्टकात बसवायचं? दाढी मी चार दिवस केली नाही, ती आळसानं, असं घरात सांगितलं. नदीत सोडणं बरं नव्हे. आजारी मासा, वरच्या अंगाला त्याचे नामवंत भाऊबंद. परसात मिरचीच्या रोपाखाली पुरला. अक्का लांब, तुळशीपाशी उभ्या होत्या. जवळ आल्या नाहीत, पण घरातही गेल्या नाहीत.

बादली मी अजून रात्री भरून ठेवतो. बायको विचारते, कुणासाठी? सकाळी ते पाणी मिरचीला घालतो. श्रावणात रोप असं लगडलं की फांद्या वाकल्या. अक्का कुंपणापाशी आल्या, जरा थांबल्या, मुळाकडं बघितलं, मग वर बघितलं.

“चार तोडू काय ओ, भाजीला?”

“तोडा की.”

त्यांनी चार तोडल्या, पदरात धरल्या आणि जाता जाता स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, “बटाणी खाऊन गेलाय. चालतंय.”