प्रमाणित दाजी

दाजींच्या खिशाला पूर्वी पेन असायचं, आता थर्मामीटर असतो. तापाचा नव्हे. पुलावाच्या पोटात खुपसायचा, लांब सुईचा, डोक्यावर आकडे दाखवणारा. लग्नात बुफेच्या रांगेत दाजी उभे असले की मागचे लोक हळूहळू दुसऱ्या रांगेत सरकतात, कारण दाजी आधी मोजतात आणि मग वाढून घेतात. आकडा ६०च्या वर असला तर मान डोलावतात, ५च्या खाली असला तरी डोलावतात. मधलं काही सापडलं की काही न बोलता वाढप्याकडे बघत राहतात. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा म्हणे ‘डेंजर झोन’, जिवाणूंच्या वाढीला सगळ्यात सोयीचा. आपल्या लग्नांतलं निम्मं जेवण याच टापूत मुक्कामाला असतं, हे दाजींनी सांगेपर्यंत आम्ही सुखाने जेवत होतो.

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. पुण्यातल्या एका हॉटेलात फूड अँड बेव्हरेज मॅनेजर. मॅनेजर ते बरीच वर्षं आहेत. प्रमाणित अलीकडे झाले, आणि आमचे हाल तेव्हापासून सुरू झाले.

हॉटेल लाइनमध्ये माणूस पुढच्या दाराने शिरतो किंवा मागच्या. पुढच्या दाराने येणारे शिकून येतात. दादरचं केटरिंग कॉलेज १९५४ सालचं. तिथून, आणि नंतर देशभर निघालेल्या तसल्याच संस्थांतून, काळा ब्लेझर घातलेली आणि नॅपकिनचा हंस करता येणारी मुलं बाहेर पडतात. ती ट्रेनी म्हणून येतात, तुम्हाला ‘सर’ म्हणत काम शिकतात आणि चार-पाच वर्षांत तुमचीच साहेब होतात. दाजी मागच्या दाराने आले. पाटण तालुक्यातून, बारावीला गटांगळी खाऊन, मुंबईत उडप्याच्या हॉटेलात मोरीवर. मोरीवरून फडक्यावर, फडक्यावरून पाण्याच्या ग्लासांवर, तिथून परमिट रूममध्ये वेटर, मग कॅप्टन. रात्री दोन टेबलं जोडून त्यांच्यावर झोपलेला हा माणूस. ३० मिली आणि ६० मिली ते नुसत्या नजरेने ओततात. महाराष्ट्रात बिअरला वयाची २१ वर्षं लागतात आणि दारूला २५, हा कायदा त्यांना पाठ आहेच; पण समोरचं पोरगं एकवीसचं आहे की एकोणीसचं, हे ते त्याच्या मिशीवरून ठरवत नाहीत. पोरगं मेनूकार्ड कोणत्या बाजूने आधी वाचतं, पदार्थांच्या की किमतींच्या, यावरून ठरवतात.

मग दाजींचं पुण्यातलं हॉटेल विकलं गेलं. नव्या मालकांनी एक तरुण जनरल मॅनेजर पाठवला. त्याने फायली चाळल्या आणि दाजींना विचारलं, “युवर सर्टिफिकेशन?” दाजींनी दोन्ही हात पुढे केले. तळव्यांवर भाजल्याचे जुने डाग होते. तरुणाला वाटलं, शेकहँड करायचाय. त्याने केला.

त्या रात्री दाजी जेवले नाहीत, असं ताई सांगते. तसे ते कुठल्याच रात्री वेळेवर जेवत नाहीत. लोकांची जेवणं उरकली की दुपारी चार वाजता भटारखान्यात उभ्याउभ्या डाळभात, हेच त्यांचं जेवण. दिवाळी, नाताळ, एकतीस डिसेंबर हे त्यांच्या लेखी सण नाहीतच, ते ‘कव्हर्स’ आहेत, म्हणजे जेवायला येणाऱ्यांचे आकडे. पण ती रात्र वेगळी होती. सकाळी उठून ते म्हणाले, “कागद पाहिजे ना त्यांना? आणतो कागद.”

पहिला कागद सरकारी. अन्नसुरक्षेचा २००६चा कायदा आहे, त्याखाली अन्न हाताळणाऱ्या दर २५ माणसांमागे एक प्रशिक्षित, प्रमाणित पर्यवेक्षक असावा अशी अपेक्षा आहे, आणि त्या प्रशिक्षणाचं नाव फॉस्टॅक. आमचे वडील हे ऐकून म्हणाले, “बरं झालं, टोलनाक्यावर रांगेत थांबायला नको.” प्रशिक्षण एका दिवसाचं. वर्गात मेस चालवणाऱ्या मावश्या, घरी केक करणाऱ्या दोघीतिघी, एक चायनीजच्या गाडीवाला आणि मध्ये टाय लावलेले दाजी. फ्रिजमध्ये कच्चं खाली, शिजलेलं वर. आधी संपणारं आधी वापरा. मटणाची फळी लाल, भाजीची हिरवी, माशांची निळी. दाजींना यातलं नवीन काहीच नव्हतं, पण आजवर त्यांनी हे शिव्या खाऊन शिकलेलं होतं. कोणीतरी स्लाइड लावून, ‘सर’ म्हणून समजावून सांगतंय, याचंच त्यांना भरून आलं.

घरी आले ते थेट फ्रिजसमोर बसले. रात्री अकरापर्यंत लसणाच्या चटणीपासून खरवसापर्यंत सगळ्यांवर चिकटपट्ट्या लागल्या: तयार केल्याची तारीख, वापरण्याची मुदत, सही. मग त्यांनी ताईची विळी हातात घेतली आणि विचारलं, “ही लाल धरायची, हिरवी की निळी?” ताई म्हणाली, “ती तुमच्या आईची आहे.” विळीचा विषय तिथे मिटला, तो कायमचा.

दुसरा कागद परदेशी. अमेरिकन हॉटेल अँड लॉजिंग एज्युकेशनल इन्स्टिट्यूट नावाच्या संस्थेचं ‘सर्टिफाइड फूड अँड बेव्हरेज एक्झिक्युटिव्ह’. फी डॉलरांत, पुस्तक इंग्रजीत, परीक्षा पर्यायांची. भाची तेव्हा दहावीला होती. मायलेकींनी मिळून दाजींचा अभ्यास घेतला. एक व्याख्या विचारायची, दुसरी उच्चार सुधारायची. आकडेमोडीत ते पक्के निघाले. महिन्याच्या सुरुवातीचा साठा अधिक खरेदी वजा शेवटचा साठा, भागिले विक्री, की झाली फूड कॉस्ट. ही ३० टक्क्यांच्या आसपास ठेवण्यासाठीच तर त्यांनी आयुष्यभर कांद्याच्या पोत्यांवर डोळा ठेवला होता. अडायचे ते साध्या प्रश्नांवर. गिऱ्हाइकाला चढली आहे आणि ते आणखी एक मागतंय, तर तुम्ही काय कराल? पर्याय असायचे: नम्रपणे नकार द्या, काहीतरी खायला द्या, टॅक्सी मागवा, वरिष्ठांना कळवा. दाजी पेन्सिल चावत बसायचे. “चारही बरोबर आहेत गं,” ते भाचीला म्हणायचे, “पण चारांनीही गिऱ्हाईक उठत नाही. त्याच्या टेबलावर सगळ्यात कमी प्यायलेला कोण ते बघायचं आणि बिल त्याच्या हातात द्यायचं.” हा पर्याय पुस्तकात नव्हता. पुढच्या आवृत्तीत घालावा, असं माझं प्रामाणिक मत आहे.

दाजी पास झाले. या प्रमाणपत्राची अक्षरं नावापुढे लावता येतात, आणि आपल्याकडे लावता येण्यासारखं असलं की लावलंच जातं. दाराच्या पाटीवर सी.एफ.बी.ई. आलं. चुलतभावाच्या लग्नपत्रिकेत ‘आपले नम्र’च्या यादीत एक बी.ए. बी.एड., एक माजी सरपंच आणि मध्ये दाजी सी.एफ.बी.ई. गावाकडच्या एका आजोबांनी विचारलं, “म्हणजे सीए का?” दाजी म्हणाले, “त्याच्या जवळचं.” हिशेबापुरतं ते खोटंही नव्हतं.

आता घरात कोणीही नुसतं जेवू शकत नाही. १९८२ साली मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या कासावाना आणि स्मिथ या दोघांनी मेनूकार्डावरच्या पदार्थांची चार घरांत वाटणी करायची पद्धत काढली. खपतो आणि नफाही देतो तो स्टार. खपतो पण नफा बेताचा, तो नांगराचा घोडा. नफा चांगला पण कोणी मागवत नाही, ते कोडं. खपतही नाही आणि नफाही नाही, तो डॉग. दाजींनी एका रविवारी ही वाटणी आमच्या पानावर मांडली. घरात नफा कसा मोजायचा, असं मी विचारलं. “कौतुक वजा कष्ट,” ते लगेच म्हणाले, आणि मला मान्य करावं लागलं की माणसाने विचार केलेला आहे. मटण स्टार, आमटी नांगराचा घोडा. इथे वडिलांनी हरकत घेतली, नांगराला घोडा जुंपतो कोण? त्यांची समजूत काढून दाजी पुढे गेले आणि भरल्या पंगतीत माझ्या आईला म्हणाले, “आई, तुमची दुधी भोपळ्याची भाजी डॉग आहे.”

जावयाला उलटून बोलायची आमच्याकडे पद्धत नाही. आईने पुढचे तीन रविवार दुधी केला.

मला त्यांचा राग येतो तो ते चुकतात म्हणून नव्हे. ते चुकत नाहीत. तळणीच्या तेलातल्या पोलर घटकांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या पुढे गेलं की ते तेल वापरू नये, असा २०१८पासून नियम आहे. तो बरोबरच आहे, पण पावसात सिंहगड चढून आल्यावर कांदाभजीच्या कढईसमोर तो ऐकायला कोणाला आवडेल? गेल्या मे महिन्यातल्या एका लग्नात दहीवडे बराच वेळ उघड्यावर होते. दाजींनी सुई टाकली आणि आम्हा सगळ्यांना डोळ्यांनी खुणावलं. आमचं अख्खं टेबल दहीवड्यांवाचून उठलं. बाकीच्या लोकांनी तीन-तीनदा घेतले. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम चारपाच जणांना फोन करून तब्येत विचारली. सगळे ठणठणीत! इतका मनापासून मी क्वचितच खट्टू झालो असेन.

२०२३च्या अधिक श्रावणात मात्र प्रकरण हातघाईवर आलं. धोंड्याचं वाण, जावयाला ३३ अनारसे. आईने तांदूळ भिजत घातले होते, तीन दिवस, ओट्याखाली. दाजी वाण घ्यायचे तर त्याच्या कितीतरी आधीच तपासणीला हजर. “ओला तांदूळ, खोलीचं तापमान, बहात्तर तास,” ते पातेल्यासमोर उकिडवे बसून म्हणाले, “आई, यात बॅसिलस सिरियस होतो.”

“त्याचं नाव काही का असेना,” आई म्हणाली, “पाणी रोज बदललंय.”

दाजी न बोलता बाहेर पडले. वाटलं, रुसले. तासाभराने ते रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्या घेऊन परतले, एक पट्टी पातेल्यात बुडवली आणि डबीवरच्या रंगांशी खिडकीच्या उजेडात ताडून पाहिली. त्यांच्या पुस्तकात होतं, पदार्थाचा पीएच ४.६च्या खाली गेला की बहुतेक घातक जिवाणूंचं वाढणं थांबतं. तांदूळ आंबतात तेव्हा तो असाच खाली येतो. “आंबलंय!” दाजी आनंदाने ओरडले. “सुरक्षित आहे!”

“ते मला कालच वासावरून कळलं होतं,” आई म्हणाली. पण तिने ती पट्टी टाकून दिली नाही. पंचांगात खूण म्हणून ठेवली, आणि शेजारणींना दाखवताना मी तिला पाहिलंय.

फॉस्टॅकच्या प्रमाणपत्राची मुदत दोन वर्षांची असते. मध्यंतरी दाजींची ती संपली. हॉटेलात धावपळ, नव्या बॅचची तारीख पुढे गेलेली, त्यामुळे काही आठवडे दाजी कायद्याच्या दृष्टीने तुमच्या-आमच्यासारखे होते. त्याच दिवसांत एकदा रात्री उशिरा ते गावाहून परतताना आमच्याकडे थांबले. आईने पानात भाकरी, ठेचा आणि झाकून ठेवलेलं पिठलं वाढलं. दाजींचा हात खिशाकडे गेला नाही. पहिला घास, दुसरा घास. आईलाच राहवेना.

“जावईबापू, सकाळचं आहे हं ते. मोजायचं नाही?”

“सर्टिफिकेट संपलंय, आई.”

“मग नव्याची घाई करू नका,” आई म्हणाली, आणि पातेलं त्यांच्यापुढे सरकवलं.