मुख्यालयी न राहणाऱ्या विकरास खुले पत्र

प्रति,
श्री. ब्लिओमायसिन हायड्रोलेज,
कायमचा पत्ता: गुणसूत्र क्रमांक 17.
हल्ली मुक्काम: शरीरात जवळपास सर्वत्र, फुप्फुस व त्वचा येथे नावापुरते.

विषय: गरज असेल तिथे गैरहजर राहणे आणि नको तिथे तत्परता दाखवणे.

महोदय,

स. न. वि. वि. पत्र हिंगोलीहून लिहीत आहे. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा काढलेला हा जिल्हा. इथे पद मंजूर असते, दारावर पाटी असते, टेबलावर काचही असते. फक्त माणूस नसतो. विचारले तर शिपाई सांगतो, “साहेब नांदेडहून अप-डाउन करतात.” मुख्यालयी राहण्याचा नियम आहे आणि तो न पाळण्याची पद्धत आहे, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्यामुळे आपली फाइल वाचताना मला धक्का वगैरे बसला नाही. गाववाला भेटल्याचाच आनंद झाला.

फाइल अशी आहे. टोकियोत हामाओ उमेझावा यांच्या चमूने मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या एका जिवाणूतून ब्लिओमायसिन नावाचे औषध वेगळे केले आणि 1966 मध्ये ते जगापुढे ठेवले. हे औषध पेशीत शिरते, लोह आणि ऑक्सिजन यांना हाताशी धरते आणि डीएनएचे धागे तोडते. कर्करोगाच्या पेशीला हे झेपत नाही. सत्तरच्या दशकात मिलानमध्ये जियानी बोनाडोना यांनी हॉजकिन लिम्फोमासाठी चार औषधांची एबीव्हीडी ही जुळणी बांधली. त्यातला ‘बी’ म्हणजे हेच ब्लिओमायसिन. अमेरिकेत 1974 पासून लॉरेन्स आइनहॉर्न यांनी वृषणाच्या कर्करोगावर ते इतर औषधांबरोबर वापरले. शरीरभर पसरल्यावर ज्या आजारात बहुतेक तरुण दगावत, त्यातून पुढे बहुतेक बरे होऊन घरी जाऊ लागले. हे दोन्ही आजार प्रामुख्याने तरण्याताठ्या माणसांना गाठतात. म्हणजे ज्याच्या नावावर पीककर्ज असते आणि ज्याची लेकरे अजून अंगणवाडीत असतात, त्याला.

आता आपली कामगिरी. औषध आत आले की आपण त्याचा एक अमाइड बंध कापता. फक्त एक. बाकी सगळा रेणू जागच्या जागी, दिसायला तोच, पण डीएनए तोडायची त्याची ताकद जवळजवळ संपलेली. फाइलवर एक त्रुटी काढायची आणि प्रकरण वर्षभर अडकवून ठेवायचे, ही कला आपण आमच्याकडून शिकलात की आम्ही आपल्याकडून, हा प्रश्न मी इथे काढत नाही. वयाने आपणच मोठे दिसता. पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्येही आपले भाऊबंद आहेत आणि 1995 मध्ये त्यांचीच रचना आधी उलगडली. सहा जण गोल करून बसलेले, कापायच्या जागा सगळ्या आतल्या बाजूला, बाहेर एकही धार दिसू द्यायची नाही. दारातून डोकावणाऱ्याला बैठक चालू आहे असेच वाटावे.

काम करता म्हणून तक्रार नाही. तक्रार आहे ती कुठे करता याची. प्रयोगशाळेत ब्लिओमायसिनला न जुमानणाऱ्या काही कर्करोगपेशी तपासल्या, तर तिथे आपण जोमाने कामाला लागलेले आढळलात. वा! म्हणजे ज्याला मारायचे, त्याच्या उंबऱ्यावर आपला चोवीस तास पहारा. आणि ज्याला वाचवायचे, ते फुप्फुस? तिथे हजेरीपटावर नाव आहे, काम नगण्य. मग औषध तिथे मोकाट सुटते. ज्यांना ते दिले जाते त्यांच्यातल्या दहातल्या साधारण एकाच्या फुप्फुसाला इजा होते, काहींच्या फुप्फुसात कायमचे व्रण पडून ते ताठर होते आणि थोडे त्यात जातातही. म्हणून डॉक्टरांनी आयुष्यभराच्या एकूण मात्रेला 400 युनिटच्या आसपास लगाम घातला. वय जास्त, मूत्रपिंडे थकलेली किंवा विडी-सिगारेटची सवय असेल तर धोका आणखी वाढतो.

त्वचेतही तीच तऱ्हा. काही रुग्णांच्या पाठीवर, खांद्यांवर आसूड ओढल्यासारखे काळे वळ उठतात. मारणारा कुणी नसतो. संरक्षणाला नेमलेला मात्र गावाला गेलेला असतो.

हा नुसता संशय नाही. 1999 मध्ये आपल्यावाचून वाढवलेल्या उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना ब्लिओमायसिन जास्तच बाधले. त्यातले काही पिल्लेपणीच मेले आणि जगले त्यांच्या शेपटीच्या कातडीला दुखणे लागले. म्हणजे आपण असता तेव्हा उपयोगी असता, हेही सिद्ध झाले. एवढी उपयुक्तता अंगात असून ती फुप्फुसाच्या वाट्याला येऊ न देणे, याला खास गुण लागतो.

आपल्या बाजूनेही दोन शब्द नोंदवतो, नाहीतर एकतर्फी चौकशी केली म्हणाल. आपली मूळ नेमणूक औषधे मोडायची नाहीच. पेशीतले प्रथिनांचे तुकडे बारीक करणे हे आपले काम. त्वचेच्या वरच्या थरात फिलॅग्रिन नावाचे प्रथिन असते. त्याचे शेवटचे बारीक तुकडे करून कातडी ओलसर ठेवणारे घटक तयार करण्यात आपला हात आहे. जुन्या इसबाच्या काही रुग्णांत आपण तिथे कमी पडलेले दिसता. घराणेही मोठे आहे. कच्च्या पपईतले जे पपेन मटण लवकर शिजवते, ते आपल्याच कुळातले. शिवाय नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी वृषणाच्या कर्करोगाच्या रुग्णांत आपल्या जनुकातला एका अक्षराचा बदल तपासला. 2005 मध्ये फुप्फुसाच्या इजेशी त्याचा संबंध सापडला नाही, म्हणजे त्या कलमाखाली आपण तूर्त सुटलात. पण 2008 मध्ये असे दिसले की तो बदल आई आणि बाप दोघांकडून आलेल्या रुग्णांचे जगणे तुलनेने कमी होते. आरोप एकीकडून निघाला आणि दुसरीकडून चिकटला. विभागीय चौकशीत असे होतेच.

आपली हजेरी मोजायची कशी, हा पुढचा पेच. आमच्या औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. 2023 मध्ये केंद्र सरकारने तिच्यासाठी 2600 कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमधून ती प्रोटॉनहून हजारो पटींनी लहान थरथर टिपणार आहे. कोट्यवधी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरे धडकली तर औंढ्याला कळेल. पण हिंगोलीच्या एखाद्या रुग्णाच्या फुप्फुसात आपण किती प्रमाणात हजर आहात, हे औषध सुरू करण्यापूर्वी सांगणारी नेहमीची चाचणी दवाखान्यात नाही. श्वासाच्या चाचण्या करायच्या, छातीचे फोटो काढायचे आणि लक्ष ठेवायचे, एवढेच हाती आहे.

मग डॉक्टरांनी काय केले? प्रत्येक त्रस्त नागरिक शेवटी करतो तेच. आपले टेबलच टाळले. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत हॉजकिनच्या रुग्णांना एबीव्हीडीची दोन आवर्तने देऊन पेट स्कॅन केला. तो स्वच्छ आलेल्यांपैकी निम्म्यांचे ब्लिओमायसिन पुढे बंद केले. तीन वर्षांनंतरचे निकाल दोन्ही गटांत जवळपास सारखे आले आणि फुप्फुसाचा त्रास कमी झाला. आपण बदलला नाहीत, म्हणून औषधच बदलावे लागले. अभिनंदन!

जाता जाता एक स्थानिक तक्रार. आमच्या वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कुणाला कॅन्सर झाला म्हटले की गावातला प्रत्येक जण आधी हळदीचे दूध सांगतो. त्या हळदीतल्या कर्क्युमिनला आतड्यात आणि यकृतात आपल्याच खात्यातले वेगळ्या शाखेचे कर्मचारी गाठतात, त्याला साखरेसारखा एक रेणू चिकटवतात आणि बाहेरचा रस्ता दाखवतात. 1998 मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी कर्क्युमिनसोबत मिऱ्यातले पायपरिन दिले, तर रक्तातली मात्रा सुमारे 20 पट झाली. ते कर्मचारी काही वेळ गुंगवले गेले, इतकेच. पण तेच कर्मचारी इतर औषधांचीही विल्हेवाट लावत असतात, त्यामुळे केमो चालू असताना घरच्या घरी हळद-मिऱ्याच्या गोळ्या सुरू करणे म्हणजे आपल्याच खात्यात आणखी गोंधळ घालणे. आपल्याला तो आवडेल, म्हणून हे रुग्णांनाही सांगून ठेवतो.

2024 पासून हिंगोलीला स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथली पोरे-पोरी एक दिवस आपले नाव पाठ करतील, परीक्षेत लिहितील आणि विसरतील. रुग्ण विसरणार नाहीत.

कळावे. लोभ आहेच, तो फुप्फुसावरही असावा ही विनंती.

आपला नम्र,
एक हिंगोलीकर

ता. क. हे वाचकांसाठी, विकरासाठी नाही. घरात कुणाला ब्लिओमायसिन चालू असेल किंवा पूर्वी दिलेले असेल आणि कोरडा खोकला, चालताना धाप, बारीक ताप सुरू झाला, तर हळद काढणीचे दिवस आहेत, पॉलिशची धूळ गेली असेल, असे म्हणून अंगावर काढू नका. त्याच आठवड्यात कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करा. विडी, सिगारेट बंद करा. पुढे कधीही, अगदी काही वर्षांनी हर्नियाचे ऑपरेशन असले तरी, भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगा की हे औषध दिले होते. जास्त ऑक्सिजन अशा फुप्फुसाला बाधू शकतो, हे त्यांना माहीत असते. औषध दिले होते हे मात्र तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना कळत नाही. जुनी डिस्चार्ज कार्डे जपून ठेवा.