नवी गाडी जुनी करून मिळेल

समृद्धी महामार्गावर मोटारसायकलला मनाई आहे. नागपूर ते मुंबई 701 किलोमीटर, मोटारींना ताशी 120 ची मुभा, शेलूबाजारला चढा-उतरायची सोय. पण दोन चाकांवर आलात तर नाक्यावरूनच माघारी. त्यामुळे वाशिम जिल्ह्यातल्या आमच्या गावाची मोठी गंमत झाली आहे. राज्यातला सर्वांत वेगवान रस्ता उशाशी आहे आणि गावातली बहुतेक वाहनं त्याच्याकडे खालून मान वर करून बघतात. मोटारसायकलवाला आपला कारंजा-मालेगाव रस्त्यावर, सोयाबीनच्या ट्रॉलीमागे, दुसऱ्या गिअरमध्ये.

अशा गावात एक पोरगा शर्यतीची मोटारसायकल तयार करतो आहे. तीही आजच्या नव्हे, 1965 सालच्या शर्यतीची.

पोरगा चाकणला एका कारखान्यात कामाला आहे. सणावाराला गावी येतो, देवाच्या आणि आजीच्या पाया पडतो आणि जेवणाआधीच मिस्त्रींची शेड गाठतो. तिथे त्याच्या मोठ्या काकांची बुलेट उभी आहे. उभी म्हणजे विटांवर. काकांनी ती ऐन उमेदीत दामटली, मग गोठ्यात लावली, पुढे कोंबड्यांनी तिच्या सीटवर ताबा सांगितला. आता तिची शर्यतीची गाडी व्हायची आहे. म्हणजे 1965 साली आपल्याकडच्या एखाद्या हौशी पोरानं ही बुलेट मद्रासजवळच्या शोलावरमला, महायुद्धातल्या त्या जुन्या धावपट्टीवरच्या शर्यतीला नेली असती, तर ती कशी दिसली असती, कशी वाजली असती, तशी. हुबेहूब. मूळ गाडी कधी अस्तित्वातच नव्हती, हा भाग वेगळा.

जगात हा छंद नवा नाही. शर्यतीच्या गाड्या मुळात थोड्या बनतात. बनतात त्या आपटतात, मोडतात, एकीचे अवयव दुसरीला लागतात. उरल्यासुरल्या संग्रहालयात दोरीपलीकडे नाहीतर शेठजींच्या तळघरात. ज्यांना त्या गाडीचा आवाजच ऐकायचा असतो, ते जुने आराखडे मिळवतात आणि गाडी नव्यानं घडवतात. माइक हेलवूड या स्वारानं 1961 ची आयल ऑफ मॅनची सीनियर टीटी शर्यत ज्या नॉर्टन मॅन्क्सवर, एका सिलिंडरच्या जोरावर, ताशी 100 मैलांच्या वर सरासरी राखून जिंकली, तशी मॅन्क्स आजही इंग्लंडात नवी करून देतात. होंडाच्या सहा सिलिंडरवाल्या शर्यती गाड्यांच्याही नकला झाल्या आहेत. त्यातली 250 सीसीची तर मिनिटाला 18,000 फेऱ्यांपर्यंत जायची. एकेका सिलिंडरच्या वाट्याला 42 सीसीसुद्धा नाही. घड्याळजीनं करायचं काम लोहारानं अंगावर घेतलं आणि पार पाडलं, असा तो प्रकार.

या छंदाचा नियम कडक आहे. गाडी त्या काळी जशी असती तशीच हवी. त्याहून चांगली चालणार नाही. मोटारसायकलला डिस्क ब्रेकचे दिवस आले ते 1969 च्या होंडा सीबी 750 पासून, म्हणून त्याआधीच्या गाडीला ड्रमच. तो तापला की पकड सोडणार, तर सोडू दे. चाकं तारांचीच. टाकी ॲल्युमिनियमची, लाकडी साच्यावर हातानं ठोकून काढलेली. मुळात तेल गळत असेल तर नकलेतही गळलेलं बरं, नाहीतर जाणकार भुवया उंचावतात. काकांच्या बुलेटला पुढे कधीतरी मिककार्ब कार्बोरेटर बसला होता. तो उत्तम चालत होता. पोरानं तो काढून टाकला, कारण तो त्या सालचा नव्हता.

मिस्त्रींना हे पचायला जरा वेळ लागला. त्यांचा सगळा जन्म बिघडलेलं चालू करण्यात गेला. चालू असलेलं तारीख बघून बिघडवायचं, हे त्यांच्या उस्तादानं शिकवलं नव्हतं. ते मला म्हणाले, “गुर्जी, नवी गाडी जुनी कराले एवढा खर्च? माह्याकडं टाकाची. सहा महिन्यात फुकट जुनी करून देतो.”

तरी एका बाबतीत दोघांचं पहिल्या दिवसापासून जमलं. मिस्त्रींच्या पेटीत, उस्तादाकडून आलेले, इंची पाने आहेत. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रजानं 1841 मध्ये स्क्रूच्या आट्यांचं माप ठरवून दिलं, त्याच्या वंशातले. या पान्यांची खोड अशी की त्यांच्यावर लिहिलेलं माप पान्याच्या तोंडाचं नसतं, बोल्टच्या जाडीचं असतं. पाव इंच लिहिलेल्या पान्याचं तोंड मोजाल तर अर्ध्या इंचाहून थोडं मोठं भरतं. आजच्या मिलिमीटरवाल्या पोरांना हे पाने म्हणजे थट्टा वाटते. या पोरानं ते हातात घेतले, पुसले, फोटो काढला आणि मिस्त्रींना विचारलं, “काका, विकता का?” मिस्त्रींनी पेटी बंद केली. त्या दिवसापासून ती पेटी बाकड्याखालून उचलून देवाच्या फोटोखाली ठेवली आहे.

मग किकचा प्रश्न आला. जुन्या बुलेटला किक मारणं हा विधी आहे. किक हलके दाबत मीटरचा काटा मधोमध आणायचा, डीकॉम्प्रेसरचा लिव्हर ओढायचा, पिस्टन किंचित पुढे सरकवायचा, लिव्हर सोडायचा, किक वर घ्यायची आणि मग एकच, पूर्ण, मनापासून. मध्ये घाई केली तर किक उलटी येते आणि नडगीवर कायमची सही करून जाते. काकांच्या पिढीतल्या पायांवर अशा सह्या अजून वाचता येतात. पण खऱ्या शर्यती गाडीला किकच नसे. झेंडा पडला की स्वार गाडी ढकलत पळायचा, क्लच सोडायचा आणि इंजिन बोललं की उडी मारून वर बसायचा. जागतिक स्पर्धेतली ही पद्धत 1986 पर्यंत सर्रास होती. पोरानं हे अभिमानानं सांगितलं. मिस्त्रींनी शेडबाहेरच्या गाड्यांकडे बघून घेतलं. “धक्का मारून त आमच्या बी चालू होतात. मंग बाजारातल्या अर्ध्या गाड्या रेसरच म्हना की!”

किक नाही, तसा दिवा नाही, हॉर्न नाही, आरसा नाही, स्टँडसुद्धा नाही. बाजाराच्या दिवशी शेलूबाजारात हॉर्नशिवाय गाडी काढणं म्हणजे मौनव्रत घेऊन लिलावात बसणं. आणि आरटीओ? एमएच 37 चा नंबर लावावा तर कशाला? कंपनीनं दिलेल्या रूपात मनमानी फेरफार मोटार वाहन कायद्याला चालत नाही. जुन्या गाड्यांसाठी 2021 मध्ये केंद्रानं वेगळे नियम केले: 50 वर्षांहून जुनी, मूळ रूप न बदललेली गाडी असेल तर 20,000 रुपये भरून तिला ‘व्हीए’ अक्षरांचा खास क्रमांक मिळतो. म्हणजे खरी जुनी गाडी सरकारला मान्य, खरी नवीही मान्य. नवी असून जुनी दिसणारी, किंवा जुनी असून तिच्या आयुष्यात कधी न घडलेला भूतकाळ अंगावर वागवणारी गाडी कुठल्या खिडकीवर न्यायची, याचा फॉर्म अजून छापलेला नाही.

मला स्वतःला या उद्योगात रस वाटू लागला तो एरंडेलामुळे. जुन्या शर्यती गाड्यांच्या इंजिनात एरंडेलाचं वंगण असे. कॅस्ट्रॉल या नावाचा उगमही त्यातच आहे. ते नाव 1909 पासूनचं. भयंकर तापलेल्या धातूलाही हे तेल चिकटून राहतं, म्हणून शर्यतीला उत्तम. पण तसंच ठेवलं तर इंजिनात डिंकासारखं बसतं, म्हणून शर्यत झाली की काढून टाकायचं. जळक्या एरंडेलाचा वास आला की इंग्लंडातले म्हातारे म्हणे डोळे मिटून तरुण होतात. पोरानं इंजिनात ते घातलं आणि गाडी ढकलून चालू केली, तेव्हा शेडमध्ये आम्हीही काही म्हातारे होतो. आमचेही डोळे मिटले, पण निराळ्या कारणानं. आमच्या पिढीचं एरंडेल रविवारी सकाळी, नाक दाबून, आईच्या देखरेखीखाली. तरुण होण्याऐवजी एकदोघे घराकडे निघाले.

पण जरा विचार केला तर हे तेल आमचंच आहे. बैलगाडीच्या आसाला तेच वंगण असे. बांधावर एरंड, घरात तेल, आसावर चिंधी. वऱ्हाडातली छकडी आणि आयल ऑफ मॅनची नॉर्टन एकाच नळीतलं पीत होत्या, आणि दोघींनाही त्याची खबर नव्हती.

उगाच कोणी नाकं मुरडू नयेत, कारण नकलेचा हा षौक विदर्भाला परका नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. पोरं लाकडाचे बैल घेऊन येतात. त्या बैलांना शिंगं असतात, वशिंड असतं, झूल, घुंगरू, बाशिंग असतं. कुठल्या बैलाची ठेवण खरी, याची परीक्षा होते, बक्षीस मिळतं. हा बैल नांगर ओढत नाही म्हणून आजवर कोणी त्याला नाव ठेवलेलं नाही. शोलावरमची ही बुलेट म्हणजे चाकणच्या पोराचा तान्हा पोळा आहे, एवढं समजून घेतलं की बरेच प्रश्न मिटतात. फक्त खर्चाचा मिटत नाही.

तो मिटत नाही म्हणूनच वादाला तोंड फुटलं. पोराला इंग्लंडहून ॲमलचा खास शर्यतीचा कार्बोरेटर मागवायचा होता. किंमत ऐकून काकांनी तोंडातला घास नुसताच धरून ठेवला. पोरगा समजावत होता, की जाणकार माणूस आधी कार्बोरेटरच बघतो, तो चुकला की सगळी गाडी खोटी. मिस्त्री तार ताणून चाकाचा आउट काढत बसले होते. चाक फिरवायचं, खडू टेकवायचा, खडू जिथे लागेल तिथली तार अर्धा आटा. मान वर न करता त्यांनी विचारलं, “बाबू, 65 साली थो पार्ट इथं कोनाले भेटे?”

पोरगा गप्प झाला. कारण प्रश्न बिनतोड होता. 1957 च्या सुमाराला देशाची परकीय गंगाजळी आटली आणि आयातीला कुलूप लागलं. इंग्लंडातल्या रेडिचच्या एनफिल्डची बुलेट मद्रासला बनत होती, 1961 पासून म्हैसूरला जावा बनू लागली. पण शर्यतीचे विलायती सुटे भाग सामान्य पोराच्या स्वप्नातसुद्धा परवान्याशिवाय येत नव्हते. मग 1965 ची हौशी भारतीय शर्यती गाडी कशी बनली असती? कार्बोरेटरचा आहे तो जेट सुईनं किंचित मोठा करून. मडगार्ड कापून, पत्र्याला भोकं पाडून वजन घटवून. हँडल उलटं बसवून. थोडक्यात, समोर जे सापडेल त्यातून, ओळखीच्या मिस्त्रीकडून, उधारीवर. आपण ज्याला जुगाड म्हणून हसतो, तीच आपल्याकडची काळाशी इमान राखणारी पद्धत. विलायती कार्बोरेटर लावला असता तर ती गाडी कुठल्यातरी इंग्रज पोराची झाली असती. मिस्त्रींनी सुईनं जेट कोरला की ती आमची होते.

इंग्रजांनी गाडी जपली ती काहीच न बदलून. आम्ही जपली ती सगळं बदलून. रेडिचचा कारखाना बंद पडला, मूळ कंपनी गेली, तरी बुलेट मद्रासला बनत राहिली आणि आमच्या रस्त्यांवर दूध, खत, नवरदेव वाहत राहिली. आता तर वारशाच्या सातबाऱ्यावर आपलीच नावं लागली आहेत. बीएसए 2016 मध्ये महिंद्राच्या घरात आली, नॉर्टन 2020 मध्ये टीव्हीएसकडे गेली, आणि ट्रायम्फच्या 400 सीसीच्या गाड्या चाकणला तयार होतात. त्यातल्या एकीचं नाव थ्रक्स्टन. हे इंग्लंडातल्या एका शर्यतीच्या मैदानाचं नाव. साठच्या दशकातली मूळ थ्रक्स्टन दोन सिलिंडरची, 650 सीसीची. चाकणची एका सिलिंडरची, 398 सीसीची. विलायतेच्या आठवणी आता पुणे जिल्ह्यात पाळीनं, डबा घेऊन जाणारी पोरं जुळवतात. त्यातलं एक सुट्टीला गावी येतं तेव्हा त्याला स्वतःच्या मुलखाची, कधी न घडलेली आठवण जुळवावीशी वाटते, यात नवल ते काय?

वाद मिटल्यावर मिस्त्रींच्या चालण्यात फरक पडला. आपण जन्मभर जे निरुपायानं केलं तो वारसा होता, हे कळल्यावर माणूस बदलतोच. आता ते गिऱ्हाइकाला पार्ट मिळत नाही असं सांगत नाहीत. “ओरिजिनल पद्धतीनं करून देतो,” म्हणतात आणि मजुरी थोडी वाढवून सांगतात.

उरला प्रश्न गाडी चालवायची कुठे. समृद्धीवर बंदी, रस्त्यावर आरटीओ, शोलावरम दूर, आणि तिथल्या शर्यती कधीच्या संपलेल्या. पोरगा कारंजा ते मंगरूळपीरपर्यंतच्या सगळ्या सपाट जागा मनात मोजून गेला. शेवटी मिस्त्रींनीच तोड काढली. शंकरपटावर, म्हणजे बैलांच्या शर्यतींवर, 2014 मध्ये बंदी आली होती, ती उठली, आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही पटाला हिरवा झेंडा दाखवला. तेव्हापासून पटाच्या सरळ धावा पुन्हा राखल्या जातात, आणि हंगाम सोडला तर त्या रिकाम्याच असतात.

“तेथी पळव ना बाबू,” मिस्त्री म्हणाले. “फक्त टाइम लावाचा नाई.”

“काहून काका?”

“बैलाईच्या पुढं गेली त पटवाले नाराज होतीन. मांगं राह्यली त तू होशीन. मले दोघाईतबी गिऱ्हाइकी कराची हाये.”